अर्ध्या मिलिमीटरचा सराव

स्नूकरच्या टेबलावर ब्लूची जागा बरोबर मधोमध असते. टेबलाची खेळायची लांबी ३५६९ मिलिमीटर आणि रुंदी १७७८ मिलिमीटर. म्हणजे ब्लूपासून कोपऱ्यातलं पॉकेट साधारण दोन मीटरवर. आता व्हाइट त्याच तिरप्या रेषेवर मागे, टेबलाच्या एका टोकाकडच्या आडव्या रेषेवर, म्हणजे बॉक लाइनवर, ठेवला की व्हाइट, ब्लू आणि पॉकेट एका ओळीत येतात. कट नाही, कोन काढायचा नाही, कुशनची भानगड नाही. नुसता सरळ मारायचा. पाहणाऱ्याला यात अवघड काय ते कळत नाही आणि खेळणाऱ्याला हा शॉट आपल्या हातून वारंवार का सुटतो ते कळत नाही. थोडा हिशोब मांडला की उलगडा होतो. पॉकेटचं तोंड साडेतीन इंचांच्या आसपास, बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर, तेव्हा ब्लूला दोन्ही बाजूंना सतरा-अठरा मिलिमीटरची सवलत आहे. दोन मीटर अंतरावर ती भरते जेमतेम अर्धा अंश. पण ही सवलत ब्लूची झाली, व्हाइटची नव्हे. व्हाइट ब्लूपासून सुमारे ११७० मिलिमीटर मागे आहे, आणि दोन गोल वस्तू एकमेकींवर आदळताना पहिलीच्या दिशेतली चूक दुसरीत कैक पटींनी वाढून उतरते. या शॉटमध्ये ती वीस पटींहून अधिक वाढते. म्हणजे व्हाइटच्या दिशेला मुभा उरते ती अंशाच्या चाळिसाव्या भागाएवढी; ब्लूवर तो जिथे लागतो तिथे मोजलं तर इकडे-तिकडे अर्धा मिलिमीटर. क्यूवरच्या पुढच्या आणि मागच्या हातांत पाऊण-एक मीटरचं अंतर धरलं, तर मागच्या हाताने रेषेपासून किती ढळावं याची मर्यादा व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी आहे.

एवढी बारीक चूक हाताला जाणवत नाही. डोळ्यालाही दिसत नाही. दिसतो तो फक्त निकाल: बॉल पडला किंवा पडला नाही. आणि माझ्या मते स्नूकरच्या सरावाची सगळी अडचण इथेच सुरू होते, कारण हा निकाल भरवशाचा साक्षीदार नाही. ब्लू पॉकेटच्या उजव्या जबड्याला लागून परतला, तर नेम चुकीच्या जागी धरला होता की नेम बरोबर असून क्यू वाकडा गेला, हे त्या ब्लूवरून सांगता येत नाही. उलटही तितकंच खरं आहे. पडलेला बॉलसुद्धा काही सिद्ध करत नाही. नेम थोडा डावीकडे आणि क्यू तेवढाच उजवीकडे असेल, तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बॉल बिनबोभाट पॉकेटमध्ये जातो. मग जो खेळाडू रोज दोन तास नुसते बॉल पाडत बसतो आणि किती पडले ते मोजतो, तो सरळ खेळायला शिकतो आहे की आपल्या दोन चुकांची जोडी जमवायला, हे त्याला कळायचा मार्गच राहत नाही. म्हणून सरावाचं पहिलं काम बॉल पाडणं हे नव्हे. नेम आणि क्यू यांच्या चुका वेगवेगळ्या दिसतील अशी मांडणी करणं, हे पहिलं काम. आणि त्या दोहोंत आधी हात घालायचा तो क्यूला.

चुकांची ही जोडी जमते कशी, ते नीट पाहण्यासारखं आहे. माणूस क्यूवर वाकतो तेव्हा डोळे दोन असतात आणि क्यू एक. क्यू हनुवटीच्या मध्याखाली असावा असं पुस्तकं सांगतात, पण ज्याचा एक डोळा ठळकपणे प्रबळ आहे त्याला मध्याखालचा क्यू सरळ दिसेलच असं नाही. जो डेव्हिस हा १९२७ पासून १९४६ पर्यंत १५ वेळा जगज्जेता झाला आणि त्या काळात एकदाही ते पद हरला नाही. त्याची उजव्या डोळ्याची दृष्टी लहानपणापासून अधू होती. उजव्या हाताने खेळत असूनही त्याचा क्यू डाव्या डोळ्याखालून जायचा. त्याने आपल्या डोळ्यांशी जुळणारी जागा शोधली आणि मग हात त्या रेषेत बसवला. सर्वसाधारण खेळाडू हा शोध घेत नाही. तो छायाचित्रात पाहिल्याप्रमाणे हनुवटी मधोमध टेकवतो, त्याला रेषा किंचित एका बाजूला दिसते, त्यानुसार क्यू लागतो, शॉट चुकतो. शंभर-दोनशे वेळा असं झालं की मेंदू न सांगता उपाय काढतो: शेवटच्या दोन-तीन इंचांत मनगट वळतं आणि क्यू रेषेवर ओढला जातो. मधल्या ताकदीच्या शॉटला हा उपाय छान चालतो. हळू शॉटला मनगट जास्त वळतं, जोराच्या शॉटला वळायला वेळच मिळत नाही. मग खेळाडू म्हणतो, माझे सोपे बॉल जातात, पण लांबचे आणि नाजूक जात नाहीत. डोळे तपासून घ्यायला हवेत. डोळ्यांचा दोष मुळात असेलही, पण नुकसान चालू आहे ते मनगटात.

यात आणखी एक गुंता आहे तो पदार्थविज्ञानाचा. क्यूची टिप व्हाइटला चिकटून असते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्या वेळात ती मध्यापासून जरा डावीकडे लागली, तर व्हाइटला डावी साइड, म्हणजे बाजूची गिरकी, मिळते आणि शिवाय तो किंचित उजवीकडे ढकलला जातो. पुढे कापडावर चालताना, क्यूचा मागचा भाग उचललेला असेल त्या प्रमाणात, पुन्हा डावीकडे वळू पाहतो. फ्रेंच गणिती कोरिओलिस याने १८३५ मध्ये बिलियर्डच्या गणितावर आख्खा ग्रंथ लिहिला तो उगाच नव्हे. त्यात समोरच्या बॉलशी होणारं घर्षण मिळवा. तिरप्या कटमध्ये दोन बॉल घासतात आणि समोरचा बॉल भूमितीने काढलेल्या रेषेवरून थोडा व्हाइटच्या दिशेने ओढला जातो. हळू मारला तर जास्त, जोरात मारला तर कमी. व्हाइटवर साइड असेल तर हे ओढणं वाढतं किंवा घटतं. याचा व्यवहारातला अर्थ असा की, ज्याचा क्यू नकळत साइड देतो, त्याने वर्षानुवर्षं साठवलेलं नेमाचं ज्ञान हे प्रत्यक्षात त्याच्या वाकड्या क्यूचं ज्ञान असतं. अर्ध्या बॉलचा शॉट, म्हणजे व्हाइटचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर धरण्याचा, भूमितीप्रमाणे तीस अंशांचा कोन देतो. वाकड्या क्यूच्या माणसाच्या अनुभवात तो एका बाजूला अठ्ठावीस आणि दुसऱ्या बाजूला बत्तीस होऊन बसू शकतो. अशा खेळाडूला उजव्या हाताचे कट जमतात आणि डाव्या हाताचे जमत नाहीत, किंवा उलट. क्यू सुधारला की हे सगळं जुनं गणित कोलमडतं, आणि म्हणूनच सुधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत खेळ हमखास बिघडतो. पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. आधी क्यू आणि मग नेम हा क्रम मी धरतो तो यासाठी: उलट क्रमाने गेलं तर नेमावर केलेली मेहनत पुन्हा करावी लागते.

डोळे साथ सोडू लागण्याच्या वयात क्यूच्या दुरुस्तीने काय होऊ शकतं, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण वेल्सच्या डग माउंटजॉयचं आहे. १९८८ च्या यूके चॅम्पियनशिपपर्यंत त्याचं नाव जवळजवळ मागे पडलं होतं आणि वय ४६ झालं होतं. लँकशायरमधला मासेविक्रेता असलेल्या फ्रँक कॅलन या प्रशिक्षकाकडे जाऊन त्याने आपली क्यू चालवण्याची पद्धत पायापासून बदलून घेतली. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने तेव्हाच्या उगवत्या स्टीफन हेंड्रीला १६-१२ असं हरवलं आणि लगेचच पुढच्या जानेवारीत क्लासिक ही स्पर्धाही जिंकली. सेहेचाळिसाव्या वर्षी कुणाची नजर तीक्ष्ण होत नाही. सुधारला तो हात. दुसऱ्या बाजूचं उदाहरण मार्क विल्यम्सचं. २००३ नंतर पंधरा वर्षांनी, २०१८ मध्ये, ४३ व्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला. त्याआधी त्याने स्टीव्ह फीनी यांच्या साइटराइट पद्धतीने शॉटच्या मागे उभं राहण्याची आणि रेषा पाहण्याची जागा बदलून घेतली होती. इथे दुरुस्ती क्यूला रेषा दाखवणाऱ्या उभं राहण्यात होती. दोन्ही उदाहरणांत दोष नेमका कुठे आहे हे आधी शोधलं गेलं. नुसते तास वाढवून ही दोन पदं मिळालेली नाहीत.

आता क्यू सरळ जातो म्हणजे जवळून काय होतं ते पाहू. मागच्या हाताचा कोपर वर, जवळपास क्यूच्याच उभ्या पातळीत. कोपरापासून खालचा हात क्यू बॉलला लागण्याच्या क्षणी सरळ खाली लोंबलेला. क्यू छातीला हलका घासतो, हनुवटीला टेकतो. ब्रिजचा, म्हणजे टेबलावर टेकलेल्या पुढच्या हाताचा, अंगठा आणि तर्जनीचा सांधा हा एक आधार, हनुवटी दुसरा, छाती तिसरा. हे तीन आधार मिळाले की क्यूला इकडेतिकडे जायला जागा कमी उरते. उरते ती फक्त मागच्या मुठीत. आणि घोळ मुठीतच होतो. क्यू मागे नेताना शेवटची दोन बोटं सैल होऊन उघडायला हवीत, तसं झालं तर क्यू आडवाच राहतो. मूठ घट्ट धरून ठेवली, तर मागे जाताना क्यूचं बट वर उचललं जातं आणि बहुतेकांच्या बाबतीत अंगाकडे किंवा अंगाबाहेर फिरतं. मग पुढे येताना ते परत रेषेवर आणावं लागतं. दुसरी चूक वेळेची. मागे गेलेला क्यू क्षणभर तिथे ठरतो की लगेच झटका बसतो? झटका बसला की मूठ बॉलला लागण्याच्या आधीच आवळते, खांदा मदतीला येतो आणि टिप मध्यापासून हलते. मागे नेण्याचा वेग सावकाश आणि शेवटी छोटा थांबा, एवढ्या दोन गोष्टींनी इतर अनेक चुका आपोआप कमी होतात, कारण पुढच्या हालचालीला सुरुवात एका ठरलेल्या जागेवरून होते. डोकं उचलणं ही सर्वांनी सांगितलेली चूक आहे, पण माझ्या मते ती बहुतेक वेळा मूळ चूक नसते. हात वाकडा गेल्याचं शरीराला आधी कळतं आणि डोकं निकाल पाहायला उठतं.

हात पारखण्याचा सर्वांत जुना व्यायाम आजही सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्यात समोरचा बॉलच नसतो. व्हाइट ब्राउनच्या जागेवर ठेवायचा आणि ब्लू, पिंक, ब्लॅक यांच्या रिकाम्या ठिपक्यांवरून सरळ पुढच्या कुशनला मारायचा. तो परतून जिथून निघाला तिथे, रोखून धरलेल्या टिपवर यायला हवा. जो डेव्हिसच्या पिढीपासून हा व्यायाम सांगितला जातो. स्टीव्ह डेव्हिसला त्याच्या वडिलांनी जो डेव्हिसच्याच पुस्तकातून खेळ शिकवला आणि पुढे तो सहा वेळा जगज्जेता झाला. पण हा व्यायाम बरेच जण करतात तसा केला तर फसवतो. आकडे पाहा: ब्राउनपासून कुशनपर्यंत जाऊन परत यायचं अंतर साडेपाच मीटरच्या थोडं वर आहे. व्हाइट परतताना अर्ध्या बॉलने चुकला, तर दिशेची चूक निघते सुमारे पाव अंश. पाहणारा म्हणतो, वा, जवळजवळ टिपवर आला. पण सुरुवातीला मांडलेल्या सरळ ब्लूला मुभा होती अंशाच्या चाळिसाव्या भागाची. पाव अंश म्हणजे तिच्या दहापट. तेव्हा या व्यायामाने दिशेची बारीक पारख होत नाही. तो दुसऱ्याच गोष्टीची पारख करतो: साइडची. व्हाइटवर नकळत साइड गेली असेल तर जाताना तो ठिपक्यांवरून नीट जातो आणि कुशनला लागून परतताना फाकतो. जातानाच ठिपके चुकले तर रेषा चुकली. ठिपके बरोबर आणि परतीत फाकला तर टिप मध्यावर लागली नाही. एकाच शॉटमध्ये दोन चुका वेगळ्या दिसतात. म्हणून परतीचा निकाल एकटा न पाहता व्हाइट पिंकच्या ठिपक्यावरून गेला का हे आधी पाहायचं. ज्याला सरावाचा पट्टा असलेला बॉल मिळेल त्याने पट्टा उभा, शॉटच्या रेषेत लावून मारावा. साइड गेली तर पट्टा डगमगत जातो आणि वादाला जागा उरत नाही.

त्यानंतर त्या सरळ ब्लूकडे यावं, तेही पाडण्यासाठी नव्हे तर वाचण्यासाठी. शॉट स्टनचा मारायचा, म्हणजे ब्लूला लागल्यावर व्हाइटने जागच्या जागी थांबावं. आता पॉकेटकडे न पाहता व्हाइटकडे पाहायचं. तो थांबून शांत उभा राहिला तर टिप मध्यावर होती. थांबून जागेवर गिरकी घेत राहिला तर साइड होती, मग ब्लू पडलेला का असेना. व्हाइट थांबण्याऐवजी डावीकडे सरकला आणि गिरकी नव्हती, तर तो ब्लूच्या डाव्या बाजूवर लागला. टिप मध्यावर लागूनही रेषाच चुकलेली, म्हणजे उभं राहणं किंवा पाहणं तपासायला हवं. हे वाचन शंभर टक्के निर्णायक नाही, कारण वाकडा क्यूही कधी मध्यावर लागून चुकीच्या दिशेने ढकलतो. पण वीस-पंचवीस शॉटची नोंद ठेवली की कल दिसतो, आणि तो कल खेळाडूच्या स्वतःबद्दलच्या समजुतीशी जुळत नाही असंच बहुधा निघतं. नोंद करायची ती पडला-नाही पडला अशी नको. गिरकी होती का, कोणत्या बाजूला सरकला, एवढंच लिहायचं.

हात इतपत ओळखीचा झाला की नेमावर केलेलं काम टिकतं. नेमाबद्दल एक गोष्ट संशोधनाने बऱ्यापैकी पक्की केली आहे. कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी नेमाच्या खेळांत शेवटच्या हालचालीआधी नजर लक्ष्यावर किती वेळ स्थिर राहते हे मोजायला सुरुवात केली. मार्क विल्यम्स नावाच्याच एका क्रीडा-मानसशास्त्रज्ञाने (जगज्जेता तो वेगळा) सहकाऱ्यांसोबत २००२ मध्ये बिलियर्ड खेळणाऱ्यांवर हाच प्रयोग केला. निष्णात खेळाडूंची ही स्थिर नजर कच्च्या खेळाडूंपेक्षा जास्त वेळ टिकत होती; शॉट अवघड होत गेला तशी दोन्ही गटांत ती लांबली; आणि वेळ कमी दिला तेव्हा ती आखडली आणि खेळही घसरला. यातून नजर लांबवली की नेम सुधारतो असं घाईने म्हणता येणार नाही, कारण निष्णात माणूस स्थिर असतो म्हणून नजरही स्थिर राहत असेल. पण सरावाला दिशा मिळते. आधीच्या हलक्या फेऱ्यांत नजर व्हाइट आणि समोरचा बॉल यांच्यात फिरू द्यावी, टिप व्हाइटच्या मध्याशी थांबली की एकदा तिकडे पाहून घ्यावं, आणि क्यू मागे जाऊन ठरतो त्या थांब्यात नजर समोरच्या बॉलवरच्या आघाताच्या जागी टेकवून ती शॉट संपेपर्यंत हलवू नये. हाताचा थांबा आणि नजरेचा थांबा इथे एकाच जागी येतात, आणि मला वाटतं त्या छोट्याशा थांब्याचं खरं मोल हेच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो अ‍ॅलेक्स हिगिन्सच्या नावाने. शॉट मारताना ज्याचं डोकं, खांदा, कंबर सगळं हलायचं तो माणूस १९७२ आणि १९८२ मध्ये जगज्जेता झाला. मग या तीन आधारांचं आणि थांब्याचं काय? उत्तर सेकंदाच्या त्या हजाराव्या भागात आहे. बॉलला फक्त टिप लागतानाची स्थिती कळते. त्यानंतर अंग कितीही हललं तरी बॉलला त्याचा पत्ता नसतो, आणि त्याआधी हललेलं अंग नेमक्या त्या क्षणी रेषेवर परतलं तर शॉट सरळच. हिगिन्सला ही वेळ साधायची अचाट देणगी होती. पण ज्या पद्धतीत दर शॉटला नव्याने वेळ साधावी लागते तिला साधायचं ओझं जास्त, हेही तितकंच खरं. त्याच्या दोन विजेतेपदांत दहा वर्षांचं अंतर आहे. स्टीव्ह डेव्हिसने १९८१ ते १९८९ या नऊ वर्षांत सहा मिळवली. या फरकाला हिगिन्सच्या आयुष्यातली वादळंही कारण आहेत, त्यामुळे सगळं श्रेय क्यूच्या सरळपणाला देणं अन्यायाचं होईल. पण हिगिन्सचं उदाहरण वाकड्या क्यूने चालतं असं दाखवत नाही. शरीर हललं तरी आघाताच्या क्षणी क्यू सरळ ठेवता येतो, आणि तसं ठेवणारे फार थोडे, एवढंच ते दाखवतं.

दुसरा आक्षेप अलीकडचा. बेल्जियमचा लुका ब्रेसेल २०२३ मध्ये जगज्जेता झाला आणि स्पर्धेआधी आपण सराव जवळजवळ केलाच नव्हता असं त्याने स्वतः सांगितलं. पण २०१२ मध्ये सतराव्या वर्षी क्रूसिबलमध्ये, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या सभागृहात, खेळणारा तो तोवरचा सर्वांत लहान खेळाडू होता. म्हणजे लहानपणापासूनचा सराव त्याच्या हातात होताच. सरळ हात एकदा मुरला की काही आठवड्यांच्या सुट्टीने जात नाही. तो जातो तेव्हा वेगळ्याच वाटेने जातो. सात वेळा जगज्जेता झालेल्या स्टीफन हेंड्रीने पुढे स्वतःच सांगितलं की कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्याचा हात अडखळू लागला, क्यू बॉलमधून पुढे जाईना. कोणता बॉल कुठे मारायचा, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? नेमाची जाण शाबूत होती आणि मूठ साथ देत नव्हती. नेम आणि क्यू या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत याला याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको. आणि इथे कबूल करायला हवं की सरावाने सगळं जिंकता येत नाही. हेंड्रीने सरावात कधी कसूर केली नव्हती. १९८५ च्या अंतिम सामन्यातल्या शेवटच्या ब्लॅकवर, त्या पिढीतल्या सर्वांत कसलेल्या स्टीव्ह डेव्हिसने कट जास्त पातळ घेतला आणि डेनिस टेलर १८-१७ ने जिंकला. दडपणाखाली हात काय करेल याची हमी कुठलाही व्यायाम देत नाही. ज्याला आपली चूक कोणत्या बाजूची आहे हे माहीत आहे, त्याला दडपण ओसरल्यावर सावरता येतं, एवढंच म्हणता येईल.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीच्या गाभ्याला लागतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. एकच शॉट पुन:पुन्हा मारल्याने सरावात प्रगती दिसते पण ती टिकत नाही, असं शिक्षणशास्त्र सांगतं. शी आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात एकेक प्रकार सलग घोटवणारे सरावात पुढे होते, पण नंतर चाचणी घेतली तेव्हा प्रकार मिसळून शिकलेले सरस ठरले. मग ठिपक्यांवरून व्हाइट फिरवत बसण्याचा उपयोग काय? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. नेमाच्या बाबतीत तो पूर्ण लागू होतो: एकाच कोनाचे तीस कट लागोपाठ मारणारा माणूस विसाव्या शॉटला नेम धरतच नसतो, आधीच्या शॉटची नक्कल करत असतो. कोन, अंतर आणि ताकद दर शॉटला बदलायला हवी, आणि दर वेळी टेबलापासून उठून, मागे जाऊन, रेषा नव्याने पाहून वाकायला हवं. पण क्यूच्या बाबतीत आपण शॉट शिकत नसतो, दोष ओळखत असतो. दोष ओळखायला बाकी सगळं स्थिर ठेवावंच लागतं. नाहीतर निकाल पुन्हा न वाचता येण्यासारखा होतो. म्हणून एकसारख्या शॉटना थोडा वेळ, रोज सुरुवातीला, आणि तोही नोंद ठेवण्यापुरता. बाकी वेळ मिसळीचा.

याच्याच जोडीने येणारी भीती अशी की, हाताचा एवढा विचार केला तर हात बांधला जाईल. ती खरी आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि इतरांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या प्रयोगांत वारंवार दिसलं की स्वतःच्या अवयवांकडे लक्ष देणाऱ्यापेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामाकडे लक्ष देणारा चांगलं शिकतो. या ज्ञानाचा इथे सरळ उपयोग आहे. सामना खेळताना कोपराचा, बोटांचा विचार करायचाच नाही. सरावातसुद्धा सूचना ‘मनगट सरळ ठेव’ अशी नको, ‘टिप त्या ठिपक्यापलीकडे जाऊ दे’ अशी हवी. शॉटनंतर क्यू जिथे थांबला तिथेच ठेवून टिप रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहायचं. मनगटाचं काय झालं ते टिपने सांगितलेलं असतं.

आपल्याकडे या सगळ्याला एक वेगळा संदर्भ आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्डचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं, १९६४ मध्ये पुन्हा मिळवलं. मुंबईच्या मायकेल फरेरांनी ते तीनदा जिंकलं. पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी २००३ मध्ये स्नूकरचा जागतिक हौशी विजेता झाला. यासिन मर्चंट १९८९ मध्ये आशियाई स्नूकर विजेता झाला, तर आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीतल्या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. ही परंपरा जिमखान्यांतून आली, जिथे टेबल होतं, वेळ होता आणि शेजारी उभा राहून पाहणारा मार्कर होता. आज खेळणारे बहुसंख्य तरुण तासाच्या भाड्याने टेबल घेतात. पैसे चालू असताना एकटं व्हाइट फिरवणं जिवावर येतं, म्हणून मित्राबरोबर फ्रेम लावली जाते, आणि तास संपतो तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला स्वतःचे शॉट अर्ध्या वेळाचेही आलेले नसतात. त्यात पुष्कळ पार्लरमधली पॉकेट्स वापराने सैल झालेली असतात. ती वाकड्या क्यूलाही बॉल घेतात आणि चूक झाकतात. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेने कापड जड होतं, बॉल पोचवायला जोर लागतो, आणि जोर लावला की मूठ आवळते.

‘आम्हाला रोज चार-पाच तास टेबल परवडत नाही, तेव्हा हे सगळं आमच्यासाठी नाही’ हा आक्षेप त्यामुळे गंभीरपणे घ्यायला हवा. पण क्यू आधी आणि नेम नंतर या क्रमाचा सर्वांत जास्त फायदा कमी वेळ असणाऱ्यालाच आहे, कारण क्यूचं निम्मं काम टेबलाशिवाय होतं. घरच्या जेवणाच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडात टिप कडेला न लागू देता आत-बाहेर करणं हा जुनाच व्यायाम आहे. काच टिणकन वाजली की चूक कळते आणि पुस्तकात पाहावं लागत नाही. फरशीच्या सांध्यावर क्यू धरून फोनने मागून चित्रण केलं, तर बट कुठल्या बाजूला फिरतं ते लगेच दिसतं. टेबलावरच्या तासातली पहिली दहा मिनिटं ठिपके आणि सरळ ब्लू, नोंदीसह. पुढची पंचवीस बदलत्या कोनांचे कट, दर वेळी उठून. उरलेल्या वेळात फ्रेम, आणि फ्रेममध्ये हाताचं नाव काढायचं नाही. पार्लरच्या मालकांनी दुपारच्या रिकाम्या वेळात एकट्या खेळाडूला टेबल निम्म्या दराने दिलं, तर त्यांचं नुकसान नाही, कारण त्या वेळी ते टेबल तसंही झाकलेलं असतं. आणि मार्करला एवढंच सांगायला हवं की बॉल लावून झाल्यावर स्कोअरबोर्डाजवळ न थांबता दोन मिनिटं शॉटच्या रेषेत खेळाडूच्या मागे उभं राहा, आणि पॉकेटकडे न पाहता क्यूचं बट कुठे जातं ते सांगा. खेळाडूला स्वतःचं बट कधीच दिसत नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.